हेल्मेट न काढलेली बाई : एका प्रतिक्रियेला उत्तर

स. न. वि. वि.

गर्भपातावरील माझ्या लेखावर आपण लिहिले आहे, की स्वखुशीने शरीरसंबंध ठेवणाऱ्याने त्याचे फळही भोगावे आणि कायद्याने मोकळीक देऊन बेजबाबदारपणा वाढवला आहे. संबंधांत काळजी घेणे दोघांचेही कर्तव्य आहे, हे मला मान्य आहे. मात्र ‘फळ भोगावे’ म्हणताना आपण जन्माला येणाऱ्या मुलालाच शिक्षा ठरवता, हे आपल्या ध्यानात आले नसावे.

डिचोलीत औषधांच्या दुकानात माझी बावीस वर्षे गेली. गेल्या पावसाळ्यात दुकान बंद करण्याच्या वेळी तिशीचा एक गृहस्थ चिठ्ठीशिवाय गर्भपाताच्या गोळ्या मागू लागला. किती आठवडे झाले, हे त्याला ठाऊक नव्हते. जिला ठाऊक होते ती बाई समोर स्कूटरवर, भर पावसात, हेल्मेट न काढता बसली होती. मी गोळ्या दिल्या नाहीत, म्हापशाच्या सरकारी इस्पितळाचे नाव सांगितले, तर ‘तिथे ओळखीचे कोण तरी भेटणारच’ म्हणून तो निघून गेला. (त्याचेही चुकत नव्हते, गोव्यात कोणत्याही इस्पितळात कुणाची तरी मावशी नर्स असतेच.) रुग्णेचे नाव फोडणे हा गर्भपाताच्या कायद्याने गुन्हा आहे, हे सांगायला मला वेळच मिळाला नाही.

आता मोकळिकीबद्दल. 1971 च्या कायद्यानेच गर्भनिरोधक साधन फसणे हे कारण मान्य केले होते, पण केवळ विवाहितेसाठी. 2021 च्या दुरुस्तीने ‘पती’च्या जागी ‘जोडीदार’ आला. साधने फसतातच : निरोध नेहमीच्या पद्धतीने वापरणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी सुमारे 13 जणींना वर्षभरात दिवस जातात. त्यांना बेजबाबदार कसे म्हणावे?

आणि जबाबदारीच मोजायची, तर 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, विवाहित जोडप्यांत, नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या स्त्रिया 37.9 टक्के आहेत, पुरुष 0.3 टक्के, वास्तविक पुरुषांची शस्त्रक्रिया अधिक सोपी असते. आपल्या प्रतिक्रियेत ‘तिने’ हा शब्द सात वेळा आला आहे, ‘त्याने’ एकदाही नाही.

वीस आठवड्यांनंतरच्या गर्भाबाबत मात्र आपली अस्वस्थता मलाही जाणवते. कायदाही तिथे दोन डॉक्टरांचे मत मागतो आणि चोवीस आठवड्यांनंतर, गर्भात गंभीर व्यंग असल्यास, वैद्यकीय मंडळाकडे पाठवतो. पण तिथवर पोहोचणाऱ्यांत वेळेवर कुणाला विचारण्याचीच भीती वाटलेल्या अनेक जणी असतात.