‘पाच हजारांत नॅव्ही शंभरला जाते’? नाही जात

कॉलेजच्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर आणि रील्समध्ये एक यादी फिरतेय. होंडा नॅव्हीला (दिसायला छोटी बाइक, इंजिन बिनगिअरच्या स्कूटरचं) ओपन एअर फिल्टर लावा, मोकळा सायलेन्सर लावा, हलके रोलर टाका, इरिडियम प्लग बसवा, टाकीत प्रीमियम पेट्रोल भरा. पाच हजारांत गाडी ताशी शंभर किलोमीटरचा टॉप, म्हणजे कमाल वेग, देते, इंजिनाला काही होत नाही. हौस उरलीच तर बोअर किट (मोठा सिलेंडर-पिस्टन) टाका. भाच्यानं ती यादी मला पाठवली आणि विचारलं, “मामा, करू का?” त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहितोय, कारण नॅव्ही फिरवणारी बरीच पोरं त्याच्याच वयाची आहेत.

आधी शंभरचा टॉप. नॅव्हीचं इंजिन १०९ सीसीचं, अ‍ॅक्टिव्हाच्या घराण्यातलं. ताकद जेमतेम ८ हॉर्सपॉवर, तीही साडेसात हजार आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे). सपाट रस्त्यावर, वारा नसताना गाडी ऐंशीच्या घरात थांबते. तिथून पुढं तिला अडवते ती मुख्यतः हवा, आणि हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते. ऐंशीचे शंभर म्हणजे वेग सव्वापट. सव्वाचा घन १.९५. टायरच्या घर्षणाचा वाटा वेगळा धरला तरी १४-१५ हॉर्सपॉवरच्या आत हे काम होत नाही. आता उलट बाजूनं बघा. एखाद्या पार्टनं खरोखर पाच टक्के ताकद वाढवली, तर टॉप वाढेल ताशी सव्वा-दीड किलोमीटर. बसल्या जागी कळणारसुद्धा नाही. मग रीलमध्ये काटा वर गेलेला दिसतो तो कसा? रस्ता उताराचा आहे का ते बघा, आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा थोडं जास्तच दाखवतात हेही लक्षात ठेवा. मोबाइलचं जीपीएस लावून एकदा तपासा.

‘कंपनीनं फिल्टर लावून इंजिनाचा गळा आवळलाय’ हे वाक्य फार पसरलंय. इंजिन जितकी हवा घेईल त्या मापानं पेट्रोल मिळायला हवं. नॅव्हीत कार्ब्युरेटर आहे. सेन्सर बघून पेट्रोल वाढवणारी फ्युएल इंजेक्शनची गाडी ही नव्हे. एअरबॉक्स काढून नुसता ओपन फिल्टर लावला आणि मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं छिद्र) तोच ठेवला, की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. त्यात आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणजे मिश्रण आणखी पातळ. पातळ मिश्रणावर चालणारं इंजिन तापतं. मी स्वतः एकदा असा फिल्टर लावला होता. पहिले दोन दिवस आवाजामुळं गाडी पळाल्यासारखी वाटली. महिन्याभरानं प्लग काढला तर पांढराफटक. वेळेवर बघितलं म्हणून पिस्टन वाचला. शिवाय धूळ आहेच. आपल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांमागून जाताना काय उडतं ते सगळ्यांना माहीत आहे. कंपनीचा फिल्टर तेलात भिजवलेल्या कागदाचा असतो. तो हवा मारून साफ करायचा नसतो, बदलायचा असतो. बहुतेक गॅरेजांत मात्र तो फुंकून परत बसवतात, आणि गाडी गुदमरली की दोष फिल्टरच्या डिझाइनला!

सायलेन्सर मोकळा केला की ताकद वाढते, असा समज आवाजामुळं होतो. नॅव्हीसारख्या चार-स्ट्रोक इंजिनात पाइपाची लांबी आणि व्यास जुळलेला असेल तर बाहेर पडणारा वायू पुढच्या घोटासाठी सिलेंडर रिकामा करायला मदत करतो. नुसता डबा कापला तर ही जुळणीच मोडते, आणि अनेकदा मधल्या आरपीएमला गाडी आधीपेक्षा मंद होते. कायद्याचं बोलायचं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असे बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अख्ख्या यादीचं बजेट एका नाक्यावर संपलं. आणि दंड नसता तरी रात्री गल्लीत झोपलेल्या म्हाताऱ्या माणसांचा विचार करायलाच हवा.

प्लग आणि प्रीमियम पेट्रोल यांचं थोडक्यात. इरिडियम प्लग जास्त टिकतो. आधीचा प्लग चांगला असेल तर ताकदीत फरक पडत नाही. प्रीमियम पेट्रोलचं जास्त ऑक्टेन उपयोगी पडतं ते इंजिन नॉक करत (पेट्रोल अवेळी पेटून आत ठोके देत) असेल तर. नॅव्हीचं कॉम्प्रेशन साध्या पेट्रोलसाठीच ठरवलेलं आहे.

राहिले हलके रोलर. यादीतली ही एकच गोष्ट अर्धी खरी आहे, म्हणून हिच्यावर थोडं थांबतो. व्हेरिएटरमधले, म्हणजे बेल्ट फिरवणाऱ्या इंजिनाकडच्या पुलीतले, रोलर इंजिनाच्या फिरण्यानं बाहेर फेकले जातात आणि बेल्ट वर ढकलतात. गिअर बदलण्याचं काम तेच करतात. रोलर हलके असले तर तेवढाच जोर यायला आरपीएम जास्त लागतो. म्हणजे इंजिन ताकदीच्या आरपीएमजवळ राहतं, पिकअप सुधारतो, घाटात गाडी दम टाकत नाही. टॉप मात्र वाढत नाही. फार हलके घेतले तर बेल्ट पूर्ण वर चढतच नाही. गाडी नुसती ओरडते, मायलेज पडतं, बेल्ट लवकर जातो. करायचंच असेल तर एकेका रोलरमागे अर्धा-एक ग्रॅम कमी करून बघा, त्याच चढावर, तेवढंच वजन घेऊन, घड्याळ लावून. मी आंबा घाटात असंच केलं होतं. पहिल्या बदलानं फरक पडला. त्याहून हलके टाकल्यावर वेळ तीच राहिली आणि पेट्रोल जास्त गेलं.

पण त्याआधी जुने रोलर बाहेर काढून बघा. नॅव्ही भारतात २०१६ मध्ये आली आणि बीएस-६ च्या (धुराच्या नव्या नियमांच्या) वेळी, २०२० मध्ये, इथं बंद झाली. आज रस्त्यावर असलेली सगळ्यात नवी नॅव्हीसुद्धा पाच वर्षांच्या पुढची आहे. रोलर एका बाजूनं चपटे झालेले, बेल्ट घासून अरुंद झालेला, क्लच शू काचेसारखे गुळगुळीत, टायरमध्ये हवा कमी. अशा गाडीला कुठलाही नवा पार्ट लावून त्यातच नवा बेल्ट टाकला, की पिकअप परत येतो आणि श्रेय पार्टला जातं. यादी खरी वाटते ती यामुळंच.

बोअर किटला माझा साफ विरोध आहे. सिलेंडर मोठा होतो. क्रँकची बेअरिंग, क्लच आणि इंजिन थंड ठेवायची सोय तेवढीच राहते. आरसी बुकात १०९ सीसी आणि प्रत्यक्षात वेगळंच. अपघात झाला तर विमा कंपनी आधी तेच बघेल.

यादीत एक शब्द कुठंच नाही: ब्रेक. नॅव्हीला पुढं-मागं दोन्हीकडं १३० मिलिमीटरचे ड्रम आहेत, मागचं चाक दहा इंची. साठऐवजी ऐंशीला असताना गाडी थांबवायची तर ब्रेकला पावणेदोन पटीहून जास्त ऊर्जा जिरवावी लागते. पाच हजार खर्चायचेच असतील तर माझा क्रम असा: ब्रेक शू आणि केबल, टायर, बेल्ट-रोलर, कंपनीचा एअर फिल्टर, टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट जुळवणं). एवढं करून पैसे उरले तर हलक्या रोलरचा एक सेट.

भाच्याच्या गाडीचं व्हेरिएटर उघडलं तर सहापैकी चार रोलर चपटे निघाले. कंपनीचेच नवे टाकले, बेल्टही नवा. “मामा, मित्रांच्या मागं नाही राहिलो,” असा काल फोन आला. पुढचे ब्रेक शू अजून बघायचे राहिलेत. रविवारी गाडी घेऊन ये म्हणून सांगितलंय, आणि तोवर घाट नको.