१६० व्होल्टची अंघोळ

मराठवाडा म्हणलं की लोकांना ऊन, दुष्काळ आन टँकर आठवतो, पण डिसेंबरात परभणीकडच्या एखाद्या गावात पहाटे टाकीचं पाणी अंगावर घेऊन बघा म्हणावं. मला साडेसातची एसटी असते. साडेसहाला बादलीत १५०० वॉटचा रॉड सोडायचा, दाढी-चहा उरकायचा आन सातला बोट घालून बघायचं (आधी बटण बंद, पिन बाहेर, मग बोट, हे आमच्या घरात पाढ्यासारखं पाठ आहे), तर पाणी कोमट म्हणायला सुद्धा लाज वाटावी असं. थरथरत दोन तांबे घ्यायचे आन पळायचं.

मी तालुक्याच्या दुकानदाराला जाऊन भांडलो. डुप्लिकेट माल विकता म्हणलं. त्यानं रॉड बदलून दिला, मग दुसऱ्यांदा बी बदलून दिला, आन तिसऱ्या वेळी हात जोडून म्हणला, "साहेब, घरचं व्होल्टेज बघा एकदा." मला वाटलं टाळायलाय.

तेवढ्यात भाचा आला लातूरहून. अकरावीला आहे, ट्युशन लावलेल्या, त्यामुळं सुट्टीला आला तरी हात वहीकडंच जातो त्याचा. माझी तक्रार ऐकून म्हणला, "मामा, रॉड खोटा का खरा ते दोन मिनिटात कळतंय, फक्त दोन आकडे लागतेत."

आतून आई ओरडली, "आकडा बिकडा काही टाकायचा नाई हं तारेवर! मीटर हाय आपल्याला!"

तिची समजूत काढण्यात एक चहा गेला. मग मोटर वायंडिंगवाल्याकडून मल्टिमीटर आन क्लॅम्प मीटर उसना आणला. क्लॅम्प मीटर म्हणजे खेकड्याच्या नांगीसारखं असतं, तारेभोवती लावलं की किती अँपिअर वाहायलेत ते दिसतं, तार तोडायची गरज नाही. मी मोठ्या ऐटीत रॉडच्या वायरला नांगी लावली. ०.००. म्हणलं, "बघ! हा करंटच घेईना, दुकानदार चोरच हाय."

भाच्यानं कपाळाला हात लावला. "मामा, त्या वायरीत दोन तारा हायेत, फेज आन न्यूट्रल. एकीतून जायलाय तेवढाच दुसरीतून परत यायलाय. दोन्ही एकदम धरल्या की हिशोब शून्य." म्हणजे माझ्या पगारासारखंच झालं, एक तारखेला येतो, दोन तारखेला जातो, महिन्याला नांगी लावली की ०.००.

शेवटी वायंडिंगवाल्यानंच दोन तारा सुट्या असलेला वायरीचा तुकडा मधी जोडून दिला. एका तारेला नांगी लावली, ४.५ अँपिअर. सॉकेटात मल्टिमीटर लावला, १६० व्होल्ट. घरात येते म्हणतात ती लाइट २३० व्होल्टची, आन आमच्याकडं १६०!

भाच्यानं वही काढली. १६० भागिले ४.५, म्हणजे रॉडचा रजिस्टन्स, करंटला होणारा अडथळा, साधारण साडेपस्तीस ओहम. हा ओहम जर्मनीतला शाळामास्तर, त्यानं १८२७ साली हे सगळं छापलं, आन बघा, मास्तर मेल्यावर बी माझी परीक्षा घ्यायलाय. मग १६० गुणिले ४.५, ७२० वॉट. मी उडालोच, "मंग दीड हजार कुठंय? अर्ध्याला अर्धा खाल्ला की!"

"थांबा. आता ह्याच रॉडला पूर्ण २३० दिले तर? २३० भागिले साडेपस्तीस, जवळपास साडेसहा अँपिअर, गुणिले २३०... १४९० वॉट." रॉड एकदम सज्जन निघाला, दुकानदार त्याहून सज्जन. त्या दुकानावरून जाताना मी आता रस्त्याच्या पलीकडून जातो.

पण मला एक पटेना. व्होल्टेज तीसच टक्के कमी, मग पॉवर अर्ध्याखाली कशी? "मामा, मधी वर्ग येतो." वर्गाशी माझं शाळेपासूनच जमलं नाही. मग त्यानं सोपं केलं: मजुरी कमी केली तर मजूर बी कमी येतेत, मग काम दोन्हीकडून बुडतं. तसं व्होल्टेज घटलं की अँपिअर बी घटतात. आता हे कळलं, सोयाबीन काढताना सोसलंय ना आपण. त्याच जोरावर मी विहिरीच्या मोटरीचा रजिस्टन्स काढायला निघालो तर म्हणला, "तिथं हे चालत नाई, मोटर फिरायली की स्वतःच उलटा दाब देती." माणसागत झालं म्हणलं, जाऊ दे.

आता उरलेले ७० व्होल्ट कुठं गेले? डीपी, म्हणजे लाइटचा ट्रान्सफॉर्मर, गावाच्या त्या टोकाला, आमचं घर ह्या टोकाला, मधी हरभऱ्याला पाणी द्यायला चालू झालेल्या मोटरी, आन तारेला बी स्वतःचा रजिस्टन्स असतोच. गळका टँकर जसा निघतो भरून आन पोचतो अर्धा, तसं.

वीस लिटर पाणी १५ अंशावरून ४५ ला न्यायला पूर्ण व्होल्टेजवर अठ्ठावीस मिनिटं लागतात, आमच्या १६० वर अठ्ठावन्न. म्हणजे सहालाच रॉड सोडा नाहीतर पाणी कमी करा. मी पाणी कमी केलं. भाच्यानं जाताना बादलीवर आतून मार्करनं खुणा करून दिल्या: २३० ला वीस लिटर, २०० ला पंधरा, १८० ला बारा, १६० ला दहाच्याही जरा खाली. रोज सकाळी फ्रिजच्या स्टॅबिलायझरची सुई बघायची आन तिथवर नळ सोडायचा. बायको आता टॉवेल देताना विचारते, "आज किती व्होल्टची?"

परवा सासरे मुक्कामाला होते. बाथरूममधून बराच वेळ आवाज नाही म्हणून मी दारावर टकटक केली तर आतून म्हणले, "जावईबापू, बादली तर लहानच दिसायली, मग ही २३० लिटरची कशी काय?"