"प्रोसेसर वाढवा, रॅम वाढवा" हा मेसेज पुढे पाठवणं बंद करा

काल मावशीचा फोन. लॅपटॉप चालू व्हायला आधी तीन मिनिटं लागायची, आता पाच लागतात. काही केलंस का विचारलं तर म्हणाली, "अरे ग्रुपवर आलं होतं तेच केलं, सगळं टिक केलं." तो मेसेज मलाही चार ठिकाणांहून आलाय. कॉम्प्युटर १० सेकंदात चालू होईल म्हणे, आणि खाली पाच उपाय: एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोज कसं चालू व्हावं ते ठरवायचं टूल) प्रोसेसर आणि मेमरी मॅक्सिमम करा, सगळ्या सर्व्हिसेस (मागे गुपचूप चालणारे प्रोग्राम) बंद करा, प्रीफेच फोल्डर (प्रोग्राम लवकर उघडावेत म्हणून विंडोज ठेवतं त्या फाइल्स) रिकामं करा, रजिस्ट्री क्लीनर (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा "साफ" करणारा प्रोग्राम) चालवा, स्टार्टअपमधले प्रोग्राम बंद करा. शेवटचा तेवढा कामाचा आहे आणि पहिला सरळसरळ नुकसान करणारा.

पहिल्याबद्दलच बोलतो, कारण सगळे तोच करतात. एमएसकॉन्फिग उघडा, बूट टॅब, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. तिथे "नंबर ऑफ प्रोसेसर्स" समोर राखाडी रंगात १ दिसतो आणि बघणाऱ्याला वाटतं अरेच्चा, आजवर प्रोसेसरच्या एकाच कोअरवर, म्हणजे एकाच भागावर, चाललं होतं की काय! तसं अजिबात नाही. टिक नसते तेव्हा विंडोज सगळेच कोअर वापरतं. टिक केलं की मर्यादा लागते, आणि ही सोय कमी कोअरवर सॉफ्टवेअर कसं चालतं हे तपासणाऱ्यांसाठी आहे.

शेजारचं "मॅक्सिमम मेमरी" त्याहून वाईट. या टिकमागे बीसीडीएडिटचं (विंडोज चालू होतानाची सेटिंग्ज बदलणारी कमांड) ट्रंकेटमेमरी हे सेटिंग असतं, आणि मायक्रोसॉफ्टच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय की दिलेल्या पत्त्याच्या वरची सगळी मेमरी विंडोज सोडून देतं. आता ८ जीबी रॅम असली तरी तिचे पत्ते बरोबर ८ जीबीवर संपत नाहीत, ४ जीबीच्या खालची काही जागा ग्राफिक्स वगैरे हार्डवेअरला राखलेली असते म्हणून तेवढी रॅम वर सरकवलेली असते, म्हणजे तुम्ही पूर्ण ८ जीबी लिहिलंत तरी वरचा तुकडा जातोच. मावशीच्या लॅपटॉपवर टास्क मॅनेजरमध्ये मेमरी उघडली तर "हार्डवेअर रिझर्व्ड" समोर दोन जीबीच्या आसपास आकडा. दोन्ही टिक काढल्या, रीस्टार्ट केलं, रॅम परत आली.

सर्व्हिसेसचं म्हणाल तर मायक्रोसॉफ्टच्या क्लीन बूटमध्ये (दोष शोधायला कमीत कमी गोष्टींसह विंडोज चालू करणं) हीच पायरी आहे, पण त्याआधी "हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस" टिक करायचं असतं आणि दोष सापडला की सगळं परत चालू करायचं असतं. मेसेजमधून नेमकं हेच गायब! ते न करता "डिसेबल ऑल" दाबलं की वाय-फायची सर्व्हिसही बंद होते, मग मदत शोधायला नेटसुद्धा नाही. प्रीफेच रिकामं केलं की विंडोजला ते परत बनवावं लागतं, फायदा काही नाही. रजिस्ट्री क्लीनरला तर मायक्रोसॉफ्टचा पाठिंबाच नाही, बिघडलं तर विंडोज पुन्हा टाकायची वेळ येऊ शकते.

स्टार्टअपचं मात्र बरोबर आहे, मान्य. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यातल्या स्टार्टअप टॅबमध्ये ज्याच्यापुढे "हाय" लिहिलंय आणि जे रोज लागत नाही ते डिसेबल करा. अँटीव्हायरसला हात लावू नका.

पण काहीही बंद करायच्या आधी वेळ कुठे जातोय ते बघा ना. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोज स्वतःच्या नोंदी ठेवतं ते बघायचं टूल) ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्स, ऑपरेशनल असं जा. १०० नंबरच्या नोंदीत बूटला, म्हणजे चालू व्हायला, लागलेला वेळ मिलिसेकंदात असतो, आणि १०१ मध्ये कुठल्या प्रोग्रामनं उशीर केला त्याचं नाव. मावशीकडे १०० मध्ये तीन लाखांच्या वर आकडा, म्हणजे पाच मिनिटं, आणि १०१ ची एकही नोंद नाही. म्हणून विंडोज लॉग्जमधला सिस्टीम लॉग उघडला. तिथे "डिस्क" नावानं ७ नंबरच्या लाल नोंदींची रांग, बॅड ब्लॉक, म्हणजे डिस्कचे खराब झालेले भाग, दीड महिन्यापासून.

हार्ड डिस्क जातेय, आणि तिच्यावर त्या मेसेजच्या नादात मावशीनं आठवडाभर रीस्टार्टवर रीस्टार्ट केले. बारा वर्षांचे फोटो त्यातच आहेत, दुसरी कॉपी कुठेच नाही. काल रात्री कॉपी लावलीय, २०१६ पर्यंतचे आलेत, पुढचा फोल्डर अडकतोय.