रातकिडा म्हणायचं नाही

सगळ्यात आधी एक वाक्य पाठ करा. तिन्हीसांजेला परवचा म्हणतात तसं रोज म्हणा: आपण किडे विकत नाही. आपण पौष्टिक, शाश्वत, प्रीमियम असं काहीतरी विकतो. नेमकं काय विकतो ते गिऱ्हाइकाला पार्सल उघडल्यावर कळेल. तोवर पैसे पोचलेले असतील.

हा सल्ला मी फुकट देतोय, पण अनुभव फुकट आलेला नाही. गेली सहा वर्षं मी गावातल्या बचत गटांचा माल ऑनलाइन चढवतो. कोकम आगळ, कुळथाची पिठी, फणसपोळी, काजूगर. साध्या आमसुलांच्या पाकिटाला 'हँडपिक्ड सन-ड्राइड कोकण सुपरफ्रूट' म्हणायचं पाप माझ्याच हातून झालंय, आणि खरं सांगायचं तर खपही त्यानंतरच वाढला. त्यामुळे भाच्याने बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये रातकिडे पाळले, तेव्हा तो सरळ माझ्याकडे आला. "मामा, माल तयार आसा. आता तेवढा लिवन दी."

शेड एकदा बघून घ्या, म्हणजे त्यातलं काय लिहायचं नाही ते कळेल. प्लास्टिकचे क्रेट, त्यांत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावलेले आणि त्या ट्रेंच्या खाचाखाचांत हजारो रातकिडे. खायला कोंबड्यांचं खाद्य, वर तोंडाला चव म्हणून भोपळ्याच्या फोडी. साधारण दीड महिन्यात किडा तयार होतो. मग त्याला डीप फ्रीझरमध्ये झोपवायचं, धुवायचं, भाजायचं. शेजारच्या आजोबांची एकच तक्रार आहे: भर मे महिन्यात रात्रभर आषाढ लागल्यासारखं वाटतं आणि पाऊस काही येत नाही. लिस्टिंगमध्ये ही तक्रार 'निसर्गाच्या सान्निध्यात' अशी येते.

आता नाव. मराठीत रातकिडा, म्हणजे नावातच किडा बसलेला. इंग्रजीत क्रिकेट. तुम्हाला वाटेल, सुटलो. मलाही वाटलं होतं. 'क्रिकेट प्रोटीन, रोस्टेड, 200 ग्रॅम' असं झोकात टाकलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर आमचं पाकीट बॅटी आणि पॅडच्या रांगेत, आणि खाली 'यासोबत लोक हेही घेतात' म्हणून अ‍ॅब्डॉमेन गार्ड. साइटच्या यंत्राने आपणहून मराठी भाषांतरही केलं होतं: 'भाजलेले संपूर्ण क्रिकेट'. पहिला प्रश्न एका वडिलांचा आला. मुलगा अंडर-14 खेळतो, मॅचच्या आधी द्यायचं की नंतर? नवशिका विक्रेता इथे खुलासा करत बसतो. तुम्ही उत्तर द्या, 'आधी'.

त्यापेक्षा लॅटिन बरं. अकेटा डोमेस्टिकस. लॅटिनमध्ये काहीही घरंदाज वाटतं, आणि डोमेस्टिकस म्हणजे तर चक्क गृहउद्योग. भाच्याचा पुढचा बेत टेनेब्रिओ मॉलिटरचा आहे. नाव ऐकून हा कोणी इटालियन गायक असावा असं मला वाटलं. फोटो बघितल्यावर ओळख पटली. पिठात जन्मणारी, पिठावर पोसलेली अळी. आमच्या आईने असलं काही दिसलं की डबा अंगणात रिकामा करून, पीठ चाळून, वर शेजारणीला कळणार नाही याची काळजी घेतली असती. तिने आयुष्यभर चाळणीच्या चुकीच्या बाजूचा माल फेकून दिला, एवढंच म्हणायचं.

विश्वास बसावा म्हणून युरोपचं नाव घ्या. आपल्याकडे कुठल्याही गोष्टीला युरोपात मान्यता मिळाली म्हटलं की पुढचं कोणी वाचत नाही. आणि इथे तर ती खरोखरच मिळालेली आहे. 2021 मध्ये युरोपीय संघाने पिवळ्या मीलवर्मला, म्हणजे त्याच पिठातल्या अळीला, माणसाचं अन्न म्हणून मंजुरी दिली, त्याच वर्षी टोळाला, 2022 मध्ये आपल्या डोमेस्टिकसला आणि 2023 मध्ये आणखी एका भुंग्याच्या अळीला. मी हे मोठ्या उत्साहाने आमच्या बागायतदार काकांना वाचून दाखवलं. चूक झाली. काकांना 2014 आठवलं. त्या वर्षीच्या मे महिन्यात, ऐन हंगामात, याच युरोपीय संघाने आपल्या आंब्यावर बंदी घातली होती. कारण, पेट्यांत फळमाशी सापडली. सोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळूही अडकला. बंदी उठायला 2015 उजाडलं. काका थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे आमचा चुकला ता इतक्याच. पेटयेत आंबे जास्त होते, माशी कमी."

ती माशी युरोपच्या शेतात शिरेल ही तिथल्यांची भीती वेगळी आणि बंदिस्त शेडमध्ये वाढवून, भाजून खाल्लेला किडा वेगळा, हे मी काकांना समजावू शकलो असतो. पण असले बारकावे ना काकांना चालतात ना लिस्टिंगला.

काकांपुढे थायलंडचा विषय तर मुळीच काढू नका. माडाचा गाभा पोखरणारा सोंड्या भुंगा तुम्हाला माहीत असेलच. काकांचे चार माड त्याने उभे खाल्ले. त्याच भुंग्याच्या जाडजूड अळ्या थायलंडमध्ये लोक मुद्दाम वाढवतात, तळतात आणि पैसे मोजून खातात. इतकी वर्षं आपण औषध ओतून मारत होतो ते भांडवल होतं, हे सत्तरीत कोणाला ऐकवायचं नसतं.

गावाची परंपरा मात्र हवीच. परंपरा नसेल तर आणावी. ओडिशातल्या मयूरभंजच्या लाल मुंग्यांच्या चटणीला भौगोलिक मानांकन मिळालंय, बस्तरमध्येही तशी चटणी होते. आणि त्या मुंग्या म्हणजे कोणी परक्या नव्हेत. हापूसच्या झाडावर पानं शिवून घरटी करणारे आपले हुमले ते हेच. फरक इतकाच की तिथे माणसं त्यांची चटणी करतात आणि इथे आंबे उतरवताना ते आपली करतात. एवढा धागा पुरे. लिहा: 'कोकणच्या आमराईतील पिढीजात ज्ञानातून'. रातकिड्यांची मूळ अंडी बेंगळुरूहून कुरियरने आली होती, हे सांगायची गरज नाही. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी देवगडच्या पेटीत आयुष्यात देवगड न पाहिलेला आंबा निघतोच की. मग देवगडचा रातकिडा का नसावा?

प्रोटीनचा आकडा ठळक हवा. वाळवलेल्या रातकिड्याच्या भुकटीत साठ टक्क्यांच्या आसपास प्रोटीन निघतं. तुलना करायची ती कच्च्या, ओल्या चिकनशी, म्हणजे चिकन बिचारं पाण्यातच हरतं. हीच युक्ती सुक्या बोंबलाला लावली तर तोही चिकनला सहज मागे टाकेल, पण बोंबलाला कोणी 'सुपरफूड' म्हणून काचेच्या बरणीत भरलेलं मी अजून पाहिलं नाही. आणखी एक. प्रोटीन मोजताना मोजतात तो नायट्रोजन, आणि किड्याच्या टणक कवचातल्या कायटिनमध्येही नायट्रोजन असतो. म्हणजे आकड्यात थोडं टरफलही मिसळलेलं असतं. हे तुम्हाला म्हणून सांगितलं. बरणीवर लिहायचं ते 'फायबरयुक्त'.

फोटोबद्दल फार बोलत नाही. अख्खा किडा दाखवायचा नाही, पाय दाखवायचे नाहीत, मिशा तर नाहीतच. पांढरी वाटी, करड्या रंगाची भुकटी, मागे समुद्र. समुद्राचा या मालाशी संबंध काय, असं कोणी विचारत नाही. कोकणातल्या कुठल्याही मालामागे समुद्र चालतो.

खरी अडचण त्या चौकोनातल्या तपकिरी त्रिकोणाची. किडा हा प्राणी, त्यामुळे मांसाहाराची खूण लावावीच लागते. आता गंमत बघा. मध, मधमाशांचं मेण आणि गोळ्यांना चकाकी देणारी लाख, ही तिन्ही किड्यांचीच कृपा. पण लेबलच्या नियमात ती मांसाहारातून वगळलेली आहेत. म्हणजे किड्याने ओकलेलं चालतं, किड्याच्या अंगातून पाझरलेलं चालतं, खुद्द किडा दारात आला की मात्र सोवळं मोडतं. वाद घालायला मुद्दा फर्मास आहे, विकायला निरुपयोगी. तेव्हा खूण लावा, पण फोटो अशा बेताने काढा की त्रिकोणावर कढीपत्त्याचं पान येईल. श्रावणात दोन पानं.

आणि मंजुरी? ज्या पदार्थाला आपल्या अन्न प्रमाणकांत जागा नाही, त्याला 2017 च्या नियमांनुसार एफएसएसएआयची, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, आगाऊ मंजुरी लागते. 14 आकडी परवाना क्रमांक छापला की भागलं, असं नसतं. क्रमांक भाच्याकडे आहे, पण तो माझ्या बहिणीच्या फणसपोळीसाठी काढलेला. म्हणून त्याने माल 'पाळीव प्राण्यांचं खाद्य' या सदरात टाकला. वर ठळक अक्षरांत 'केवळ पक्षी व माशांसाठी', आणि त्याच्याखाली तीन पाककृती: थालीपीठ, चिवडा, सुकं.

"अरे, पोपटाक थालीपीठ कोण घालता?"

"मामा, लाड करतत लोका."

एक ओळ मात्र अशी आहे की ती लपवायची कला अजून मलाही साधलेली नाही. रातकिडा आणि कोळंबी एकाच गोतावळ्यातली. दोघं संधिपाद, दोघांच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचं जवळपास सारखंच प्रोटीन. कोळंबी, कुर्ल्या खाऊन ज्याच्या अंगावर पित्त उठतं किंवा ओठ सुजतात, त्याला रातकिडाही बाधू शकतो. युरोपात ही सूचना पाकिटावर छापावीच लागते, घरातल्या धुळीच्या माइट्सची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांसाठीही. रूढ पद्धत अशी की ही ओळ सगळ्यात शेवटी, 'अधिक वाचा'च्या मागे टाकायची. गिऱ्हाईक तिथवर पोचेपर्यंत ओठ सुजलेले असतात आणि सुजलेल्या ओठांनी कस्टमर केअरला नीट बोलता येत नाही. माझ्या सख्ख्या मेहुण्याला कोळंबीचं वावडं आहे, म्हणून मी ती ओळ सगळ्यात वर घातली. भाचा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

राहता राहिले रिव्ह्यू. पहिले पाच घरातूनच यायचे असतात, हे आमसुलांपासून चालत आलंय. पण या वेळी घरात कोणी तयार होईना. बहिणीने पाच तारे द्यायची तयारी दाखवली, मात्र पाकीट घरात आणायचं नाही या अटीवर. मग भाच्याने एक नमुना, अख्खे भाजलेले, लेबल न लावलेले, माझ्या आत्याकडे ठेवला आणि कुठेतरी निघून गेला. आत्या मालवणात राहते, वय अठ्ठ्याहत्तर, डोळ्यांचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात. तिने पिशवी उघडली, हात घातला, कुरकुरीत लागलं, पाय लागले. बंदरावर बसून आयुष्यभर घेतला तो जवळा, आणखी काय असणार? तव्यावर तेल, कांदा, हिरवी मिरची, वर चार कोकमं आणि मूठभर ओलं खोबरं. मी पोचलो तेव्हा भाकरीबरोबर निम्मं संपलं होतं.

मी काही बोललो नाही. एवढंच विचारलं, "कसा झाला गे आते?"

"जवळो खयचो हो? ह्येका वास नाय." तिने बोटं हुंगून पाहिली. "वास नाय ता म्हावरा कसला? चव पण नाय. कोकमां टाकलंय म्हणान खाल्लंय. केवढ्याक घेतलास?"

"चारशे रुपये. दोनशे ग्रॅम."

घास तोंडात तसाच थांबला. "चारशे? चारशे रुपयात टोपलीभर जवळो येतलो. माका सांगूक नाय होता? कोणी फसवलान तुका?"

ते काय होतं हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. मेहुण्याचा गुण तिच्यात नाही, एवढी खात्री मला होती. तिच्या मनाला लागली ती फक्त किंमत. दुसऱ्या दिवशी तिने शेजारणीकडून अर्धा किलो खरा जवळा मागवून माझ्याकडे पाठवला, वर निरोप, पुढल्या वेळी मासे घ्यायला एकटा जाऊ नकोस.

रिव्ह्यू मात्र मिळाला. तिचं बोलणं जरा लांबलं होतं, म्हणून मागचंपुढचं कापून फक्त एक शब्द ठेवला. लिस्टिंगवर तो आता सगळ्यात वर दिसतो, पाच ताऱ्यांसकट:

'...खाल्लंय!' — एक ज्येष्ठ ग्राहक, मालवण.