ध्यानचंदांचं स्टेडियम आणि आमचं मांडवाचं मैदान

२९ ऑगस्टला मेजर ध्यानचंदांच्या फोटोला हार घातला, दोन भाषणं झाली, की आपला क्रीडा दिन उरकला. त्यांच्या नावाच्या दिल्लीतल्या नॅशनल स्टेडियमची गोष्ट मात्र भाषणात कुणी सांगत नाही.

इंडिया गेटजवळचं हे स्टेडियम १९३३ सालचं. पैसा भावनगरच्या महाराजांचा आणि नाव लागलं व्हाइसरॉय आयर्विनचं! २६ जानेवारी १९५० चं पहिलं संचलन इथेच झालं, राजपथावर (आताच्या कर्तव्यपथावर) नाही. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये पहिले आशियाई खेळ. फाळणीला चार वर्षंही झाली नव्हती, तिजोरीत खडखडाट, तरी ११ देशांचा मेळा भरवला. लेव्ही पिंटोने १०० आणि २०० मीटर दोन्ही मारल्या. फुटबॉलच्या फायनलला मेवालालच्या एकुलत्या गोलवर इराण हरला. १५ सुवर्णपदकं आली. हौस असावी तर अशी.

२००२ मध्ये ध्यानचंदांचं नाव लागलं. २०१० च्या हॉकी वर्ल्ड कपसाठी स्टेडियमचा कायापालट झाला, पहिल्याच मॅचला पाकिस्तानला ४-१ ने लोळवलं. (त्याच वर्षी त्याच मैदानावर कॉमनवेल्थच्या फायनलला ऑस्ट्रेलियाने आपल्याला ८-० धुतलं, ते कुणी काढत नाही.) आणि मग? २०१४ नंतर तिथे आंतरराष्ट्रीय हॉकी झाली ती थेट २०२४ मध्ये, जर्मनीविरुद्ध. दहा वर्षं नुसती 'राष्ट्रीय' अशी पाटी!

तोवर हॉकी ओडिशात गेली होती. राउरकेल्यात वीस हजारांवर प्रेक्षक बसतील असं बिरसा मुंडा स्टेडियम उभं राहिलं, २०२३ च्या वर्ल्ड कपच्या मॅचेस तिथे झाल्या. राउरकेला सुंदरगड जिल्ह्यात, आणि भारताकडून खेळलेले दिलीप तिर्की, अमित रोहिदास त्याच जिल्ह्यातले. जिथे पोरं तयार होतात तिथेच मैदान बांधलं. मला तरी हे दिल्लीपेक्षा जास्त राष्ट्रीय वाटतं.

आता आपल्याकडे या. खान्देशात दम नाही असं कोण म्हणेल? सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला विजय चौधरी चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचा. पण पहाटे पाचला आमच्या गावच्या मैदानावर येऊन बघा भो. पोलिस भरतीची पोरं १६०० मीटरचे आणि पोरी ८०० मीटरचे राउंड मारत असतात. आखलेल्या फक्कीवर चहाचे कागदी कप पडलेले. सभा होऊन आठवडा उलटला तरी मांडवाच्या बांबूंचे खड्डे तसेच उघडे. अशाच एका खड्ड्यात पाय मुरगळून शेजारच्या पोरीची मागची भरती हुकली.

मला वीस हजारांचं स्टेडियम नको. मैदान भाड्याने द्यायचं तर खुशाल द्या, पण खड्डे बुजवून रोलर फिरवल्याशिवाय मांडववाल्याचं डिपॉझिट परत करू नका. आणि पहाटे पाच ते नऊ गेटला कुलूप नको. मग सभा कुठल्याही पक्षाची असो. पालिकेत कुणाची ओळख असेल तर त्यांना ही पोस्ट पाठवा, अर्ज मी लिहून ठेवलाय.