दुखवट्यातले परदेशगमन

राष्ट्रीय दुखवटा ट्रॅव्हल एजंटाला विचारून जाहीर होत नाही आणि नाताळ ते नववर्ष या आठवड्याचे विमानाचे तिकीट मात्र पावसाळ्यातच काढून ठेवावे लागते. या एका विसंगतीमुळे आपल्यासारख्या देशप्रेमी माणसाची केवढी कुचंबणा होते, हे ज्याच्यावर वेळ आली त्यालाच ठाऊक. 2024 च्या डिसेंबरात ती आली होती. 26 तारखेच्या गुरुवारी रात्री दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. मनमोहन सिंग यांचे वयाच्या 92 व्या वर्षी निधन झाले, केंद्र सरकारने 1 जानेवारीपर्यंत सात दिवसांचा दुखवटा जाहीर केला, आणि नेमक्या त्याच घटकेला जळगावच्या एखाद्या कॉलनीत सोफ्यावर दोन चाकांच्या बॅगा आ वासून पडलेल्या होत्या. एकीत पोहण्याचे कपडे, दुसरीत लसणाची चटणी, शेव आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बिबड्या. टीव्हीवर काळी पट्टी सरकू लागली तशी आतल्या खोलीतून आजीने विचारले, "आपले सुतक शे का?" घरात कोणालाच उत्तर सुचले नाही. अशा वेळी कोणावरही निरुत्तर होण्याची पाळी येऊ नये, एवढ्याच हेतूने हे मार्गदर्शन लिहीत आहे.

सर्वप्रथम आजीला सांगावे की सुतक नाही, दुखवटा आहे, आणि या दोहोंत फार मोठा फरक आहे. सुतक माणसाला लागते, दुखवटा इमारतीला. जिथे राष्ट्रध्वज नेहमी फडकतो त्या इमारतींवर तो अर्ध्यावर आणायचा आणि सरकारी करमणुकीचे कार्यक्रम करायचे नाहीत, एवढाच त्याचा मुख्य अर्थ. नागरिकाने कढई चढवू नये, गोडधोड करू नये किंवा थायलंडातल्या फुकेतला जाऊ नये, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. दिल्लीत अंत्यसंस्कार झाले त्या 28 तारखेला केंद्र सरकारी कार्यालयांना अर्ध्या दिवसाची सुटी दिली होती. तो शनिवार होता, म्हणजे पाच दिवसांचा आठवडा असलेल्या कचेऱ्यांनी उरलेली अर्धी सुटी स्वखुशीने दुःखासाठी दिली असे समजायला हरकत नाही. सरकारच जर दुःखाचा हिशेब इतक्या समजूतदारपणे मांडते, तर आपण हॉटेलचे आगाऊ भरलेले पैसे का बुडवावेत?

याउलट खानदेशातल्या घरगुती दुखवट्याचे पाहा. गल्लीत मौत झाली की दारावर जाऊन बसावे लागते, आणि तेही सतरंजीवर, भिंतीला पाठ न टेकता, फोन खिशात ठेवून. चुलीवर काही चढत नाही म्हणून शेजारची बाई भाकरी आणि पातळ पिठले घेऊन येते, आणि ते न बोलता खावे लागते. दहावा, मग गंधमुक्ती, मग वर्षभर सणाला तळण नाही, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरायची. एवढे सगळे करूनही फोटो एकसुद्धा काढता येत नाही. राष्ट्रीय दुखवट्याची गोष्टच निराळी. त्यात फोटोच मुख्य असतो.

म्हणून विमानतळाकडे निघण्यापूर्वी स्टेटस ठेवावे. पूर्वी म्हणजे नक्की पूर्वी. घरच्या वायफायवर, शांत चित्ताने. निळी पगडी आणि पांढरी दाढी असलेला, किंचित खाली पाहणारा फोटो निवडावा, त्याखाली "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहावे आणि दोन हात जोडावेत. "देशाने एक अर्थतज्ज्ञ गमावला" हे वाक्य चालते. आपण मागे दहा वर्षे याच माणसाच्या मौनावर विनोद पुढे पाठवत होतो, ते संदेश त्या रात्री पुसून टाकण्याची आवश्यकता नाही, कारण आपल्या ग्रुपात ते ज्यांनी वाचले त्यांनीही हाच फोटो ठेवलेला असतो. मात्र फोनमधले लोकेशन आठवणीने बंद करावे. श्रद्धांजलीच्या खाली विमानतळाचे नाव उमटले की दुःखाची धार जरा बोथट होते.

यानंतरचा प्रश्न देश निवडण्याचा, आणि येथे पुष्कळांची फसगत होते. आपला दुखवटा चुकवून जावे तर तिथे त्यांचा सुरू असतो. अझरबैजानची राजधानी बाकू तेव्हा आपल्याकडे फार लोकप्रिय झाली होती. पण 25 डिसेंबरला त्याच अझरबैजानचे प्रवासी विमान कझाकस्तानात अक्ताऊजवळ कोसळून 38 माणसे गेली आणि दुसऱ्या दिवशी त्या देशाने शोकदिन पाळला. दक्षिण कोरियाचा बेत असेल तर 29 तारखेला मुआन विमानतळावरच्या अपघातात 179 जण मरण पावले आणि तेथेही सात दिवसांचा दुखवटा लागला, तो 4 जानेवारीपर्यंत, म्हणजे आपल्यापेक्षाही तीन दिवस पुढे. दोन देशांच्या दुःखाखाली सापडलेल्या प्रवाशाने करायचे काय? त्यापेक्षा थायलंड बरे. व्हिसाची कटकट नव्हती, समुद्र होता, आणि शोकाची काहीच बातमी नव्हती. व्हिएतनामही चांगले होते, पण त्या देशाचे नाव त्या आठवड्यात जरा राजकीय झाले. लोकसभेतील विरोधी पक्षनेते नववर्षासाठी तिकडे गेले म्हणून सत्ताधारी पक्षाने त्यांच्यावर टीका केली, आणि स्मारकाला साजेशी जागा न देता अंत्यसंस्कार निगमबोध घाटावर का केले म्हणून काँग्रेसने सरकारला धारेवर धरले. ज्यांनी आयुष्यभर आवाज चढवला नाही अशा माणसाच्या चितेची राख यमुनेत पोहोचेपर्यंत दोन्ही बाजूंचे घसे बसले होते. आपण यातून एवढेच शिकावे की जाणे हा गुन्हा नाही, दिसणे हा आहे.

कोणी अधिक खोलात शिरून विचारलेच, तर मेलबर्नचा दाखला द्यावा. 27 डिसेंबरला भारतीय संघ तेथे कसोटी खेळत होता आणि खेळाडूंनी दंडावर काळ्या फिती बांधल्या होत्या. म्हणजे दुखवटा परदेशातही पाळता येतो, नव्हे, तो तेथे अधिक उठून दिसतो. आपणही बॅगेत एक काळा शर्ट ठेवावा. 31 तारखेच्या रात्रीच्या पार्टीला तो शोभतो, आणि पुढे कोणी फोटो पाहिलाच तर फितीपेक्षा मोठा काळा कपडा अंगावर होता असे सांगता येते. वेळेचाही फायदा करून घ्यावा. थायलंडात बारा वाजतात तेव्हा भारतात साडेदहाच वाजलेले असतात, म्हणजे आपण नाचलो तेव्हा देशात नवे वर्ष लागलेलेच नव्हते. जे घडलेच नाही ते साजरे केल्याचा आरोप कसा होईल?

येथे एक विषय निघण्याची शक्यता असते, तो टाळावा. विमानात शेजारी एखादा वाचन असलेला मनुष्य बसला, तर तो हमखास 1991 काढतो. जळगावच्या माणसापुढे तर तो सोन्याचीच गोष्ट काढणार. त्या जुलैत देशाची परकीय गंगाजळी इतकी आटली होती की रिझर्व्ह बँकेने सुमारे 47 टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण म्हणून पाठवले, पहिल्याच आठवड्यात रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले, आणि हे सगळे निस्तरायला आलेले अर्थमंत्री म्हणजे आपल्या स्टेटसवरचे तेच गृहस्थ. सराफ बाजारात पाटल्या ठेवून कपाशीचे बियाणे आणलेल्या घराला तारणाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. बाईने पदराआड हात करून पाटल्या उतरवायच्या, सराफाने त्या काट्यावर टाकायच्या, चिठ्ठी लिहायची, आणि घरी जाताना दोन्ही हात पदराखाली ठेवून चालायचे. देशाने ते केले होते. त्या काळी फेरा नावाचा 1973 चा कायदा होता, आणि त्याच्या फेऱ्यात सहलीसाठी डॉलर मिळवणे म्हणजे दिव्य असायचे. आज माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर नियमाने बाहेर नेता येतात. त्यात पुढच्या सरकारांचाही वाटा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण दार किलकिले कोणी केले, हा प्रश्न तीस हजार फुटांवर फार अडचणीचा असतो. ज्याचा दुखवटा मोडून आपण चाललो, त्यानेच आपल्याला जाण्याजोगे केले, असा काहीतरी विचित्र अर्थ त्यातून निघू लागतो. अशा वेळी डोळ्यांवर पट्टी ओढून झोपावे. फारच झाले तर सहलीच्या पॅकेजवर टीसीएस नावाचा आगाऊ कर भरल्याचे सांगावे. देशाचे ऋण तेवढ्याने फिटते, आणि विवरणपत्र भरले की परतही मिळते.

दुसरा टाळण्याचा विषय आधारचा. देशातल्या देशात विमानाने जाताना विमानतळावर तोंड दाखवून आत सोडणारी डिजियात्रा आपण वापरतो, तिला आधार लागते. आणि देशातले पहिले आधार 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत दिले गेले. म्हणजे खानदेशातच. खानदेशी माणसाला ही गोष्ट अभिमानाची वाटायला हवी आणि ती वाटतेही, फक्त तिचा पुढचा भाग फुकेतच्या वाळूवर आठवू नये. दिवाळी झाली की त्याच नंदुरबार जिल्ह्यातली कुटुंबे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या आणि शाळेत असायला हवीत ती पोरे भरून ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. सणासुदीचे दिवस बाहेर घालवण्याची रीत आपल्याकडे काही नवी नाही. त्यांनाही नववर्ष घराबाहेरच लागते. त्यांच्या पॅकेजमध्ये नाश्ता नसतो एवढेच.

आता मुख्य कर्तव्याकडे येतो. परदेशात पोहोचल्यावर पुष्कळ लोक सैल पडतात आणि दुखवट्याकडे दुर्लक्ष करतात, ही गंभीर चूक आहे. दुखवटा पाळणे आपल्या हाती नसले तरी पाळून घेणे हाती आहे. समुद्राकाठच्या आरामखुर्चीत बसून शहाळ्याचे पाणी पीत कॉलनीचा ग्रुप उघडावा. डिसेंबर अखेरीस जळगावात भरीत पार्ट्यांना ऊत आलेला असतो. कोणीतरी शेतातला फोटो टाकणारच. कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवी वांगी काळी पडलेली, ती सोलून बडगीत घातलेली, लाकडी मुसळाचे ठोके, वरून लसूण, हिरवी मिरची, कांद्याची पात, शेजारी कळण्याच्या भाकरी आणि पुऱ्यांची पाटी. या फोटोखाली तात्काळ लिहावे, "देश शोकात असताना हे शोभते का?" एवढे वाक्य पुरे. लगेच शेतातल्यांमध्ये वाद सुरू होतो. एक म्हणतो वांगे भाजलेले आहे, तळलेले नाही, तेव्हा भरीत चालते. दुसरा म्हणतो फोडणीचे काय. तिसरा विचारतो पुऱ्या कोणी तळायला लावल्या. शेवटी एखादे काका पाटीवर पंचा टाकतात आणि दोन घटका गप्प बसतात. खरे सांगायचे तर त्या सात दिवसांत इतका मनापासून शोक मी दुसरीकडे पाहिला नाही.

आपण मात्र त्या वादात पुढे बोलू नये. "नेटवर्क नाही" हे उत्तर तयार ठेवावे. "भाऊ, तुम्ही कोठे आहात?" असे कोणी विचारलेच, तर "बाहेर आहे" म्हणावे, ते खोटेही नसते.

फोटो मात्र काढत राहावे, फक्त साठवून ठेवावेत. हत्तीवरचा, बोटीतला, बुफेतला, रात्रीच्या आतषबाजीतला, सगळे 2 जानेवारीपासून रोज थोडे थोडे सोडावेत. तारखेबद्दल कोणी शंका घेत नाही, आणि घेतली तर "नुकतेच जाऊन आलो" हे उत्तर आहेच. दुखवटा 1 तारखेला संपतो की 1 तारीख धरून संपतो, याबद्दल मतभेद आढळतात. तेव्हा एक दिवस अधिक थांबावे. परंपरेने आपण तेराव्याला थांबतो, इथे एक दिवसच म्हटले आहे.

परतीचा मार्ग शक्यतो सकाळचा निवडावा. मुंबईहून रात्रीची गाडी पकडली तर पहाटे जळगाव येते, आणि रिक्षा जिल्हाधिकारी कार्यालयावरून नेता येते. ध्वजसंहितेप्रमाणे ध्वज अर्ध्यावर ठेवायचा असला तरी तो आधी क्षणभर पूर्ण वर चढवतात आणि मग खाली आणतात. संध्याकाळी उतरवतानाही पुन्हा वर नेऊनच उतरवतात. सात दिवस कोणीतरी शिपाई रोज दोनदा ते करीत होता. आपण पोहोचाल तेव्हा ध्वज पूर्ण उंचीवर असेल आणि शिपाई पायरीवर चहा पीत बसलेला असेल. त्याला नमस्कार करून पुढे जावे. घरी आजी दारातच विचारील, सुतक फिटले का. "फिटले" म्हणावे, तिच्या हातावर ड्यूटी फ्री दुकानातले चॉकलेट ठेवावे, आणि न विसरता फोनवरचा तो फोटो आता बदलावा, नाहीतर आपण अजूनही दुःखात आहोत असा लोकांचा समज व्हायचा.