‘एक चांगला सर्जन पुरे’ हा सल्ला का चुकीचा आहे

पुण्यात एखाद्या घरी तोंडाच्या कर्करोगाचे निदान झाले, की व्हॉट्सअ‍ॅपवरून हमखास येऊन थडकणारा सल्ला असा: एक नावाजलेला सर्जन गाठा, मानेत गाठ लागत नसेल तर मानेला हात लावू देऊ नका, आणि ट्यूमर बोर्ड (वेगवेगळ्या शाखांच्या डॉक्टरांनी एकत्र बसून उपचार ठरवण्याची बैठक), दंतवैद्य वगैरे बिल फुगवण्याची सोंगे आहेत, त्यात फक्त वेळ जातो. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असेलही. सल्ला मात्र घातक आहे.

सर्जन हा या उपचाराचा कणा आहे, हे मान्यच. पण काढलेला भाग पॅथॉलॉजिस्टकडे (सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या डॉक्टरांकडे) गेल्यावरच पुढचे ठरते. कडेला कर्करोगाच्या पेशी आढळल्या, किंवा रोग मानेतल्या लसीकाग्रंथीचे (लिम्फ नोडचे) आवरण फोडून बाहेर आलेला दिसला, तर प्रकृतीला झेपत असल्यास रेडिएशनबरोबर सहसा सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषधही दिले जाते, आणि हे रेडिएशन शस्त्रक्रियेनंतर साधारण ६ आठवड्यांच्या आत सुरू व्हावे असा दंडक आहे. जखम भरणे, चेहऱ्याचा साचा घेणे, किरणांचे नियोजन करणे हे सारे याच मुदतीत बसवायचे असते; त्यामुळे रेडिएशनच्या डॉक्टरांनी रुग्णाला पाचव्या आठवड्यात पहिल्यांदा पाहून भागत नाही.

मानेबद्दलचा सल्ला तर सरळ चुकीचा आहे, आणि त्याचे उत्तर आपल्याच राज्यात मिळालेले आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, सुरुवातीच्या टप्प्यातल्या आणि मानेत गाठ लागत नसलेल्या ज्या रुग्णांच्या मानेतील ग्रंथी मूळ शस्त्रक्रियेतच काढल्या, त्यांच्यापैकी ८० टक्के ३ वर्षांनंतर जिवंत होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्या गटात हेच प्रमाण ६७.५ टक्के होते. बोटाला न लागणारा रोग ग्रंथीत असू शकतो, एवढाच याचा अर्थ.

दंतवैद्याला सोंग म्हणणाऱ्याने रेडिएशननंतरचा जबडा पाहिलेला नसावा. किरणांमुळे हाडाचा रक्तपुरवठा घटतो. नंतर किडका दात काढावा लागला तर ती जखम भरेलच असे नाही आणि कधीकधी हाडच उघडे पडून सडते. म्हणून वाईट दात रेडिएशनच्या सुमारे २ आठवडे आधी काढतात. तोंड उघडेनासे झालेल्या रुग्णाला फिजिओथेरपिस्ट आइस्क्रीमच्या काड्यांची चवड दातांमध्ये धरायला लावतात आणि हळूहळू एकेक काडी वाढवतात. असल्या व्यायामाने बिल किती फुगणार?

राहिला वेळ. ट्यूमर बोर्ड बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एकदा भरतो. त्याहून अधिक दिवस जातात ते स्लाइड एका प्रयोगशाळेत, स्कॅनची सीडी हडपसरला आणि फाइल कोथरूडला, अशा वणवणीत. बायोप्सीचा अहवाल, स्लाइड-ब्लॉक (तपासलेल्या तुकड्याचे जपून ठेवलेले नमुने) आणि सीडी एकत्र घेऊन गेल्यास ही वणवण बरीच टळते.